नागपूर ते मुंबई, दोन तास

एकसष्ट-बासष्टच्या सुमारास मी झरीकडच्या एका बंजारा तांड्यावर शाळेचा मास्तर होतो. मुंबईला एका शिबिराला जाऊन आलो, रेल्वेनं. परतल्यावर तांड्याच्या प्रमुखांनी, नायकांनी विचारलं, "मास्तर, इमानानं किती येळ लागते?"

नायक म्हातारे होते. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं. ते स्वतः अजून अंतर मुक्कामांत मोजत. मी नकाशावर पट्टी ठेवून सांगितलं, "नागपूर ते मुंबई सरळ सव्वाचारशे मैल. विमानाला दोन तास."

"एक बी मुक्काम नाही? तुमी बसले काय त्याच्यात?"

भोवती माणसं जमली होती. मी म्हणालो, "बसलो ना." मग थांबता येईना. कानांना दडे कसे बसतात, ढग खालून कसे जातात, सगळं सांगितलं. "तिकीट तिथंच भेटते," असंही म्हणालो, "एसटीसारखं."

दोन महिन्यांनी वणीच्या तार ऑफिसातून मुंबईची तार आली. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या नायकांच्या मुलाचा पाय माल उचलणाऱ्या यारीखाली सापडला होता. परवा सकाळी ऑपरेशन. तार मीच वाचून दाखवली.

"इमानानंच जातो," नायक म्हणाले. "तुमी नागपूरपावतर चला."

"शाळेची तपासणी आहे," मी म्हणालो. तपासणी नव्हती. तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा, वर्ध्याला जा आणि रेल्वे धरा, वेळेत पोचाल. ते न म्हणता विमानतळाचा पत्ता कागदावर लिहून दिला.

ते एकटेच नागपूरला गेले. विमानात जागा नव्हती; कितीतरी दिवस आधी सांगून ठेवावी लागते, असं तिथल्या बाबूनं सांगितलं. उद्या कोणी आलं नाही तर बघू, या आशेवर ते दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच बसून राहिले. शेवटी रेल्वेनं मुंबईला पोचले तेव्हा मुलाचा पाय गुडघ्यापासून काढून झाला होता. "बाप येऊ द्या," म्हणून त्यानं डॉक्टरांना तासभर थांबवलं होतं.

महिन्याभरानं दोघं परतले, मुलगा कुबड्यांवर. सगळा तांडा जमला. कोणीतरी विचारलंच, "इमानानं काहून नाही गेले?"

"जागाच नव्हती," नायक म्हणाले. "मास्तरनं तं बराबर सांगतलं होतं."

गर्दी पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. "बाबा, मी विमानात कधी बसलो नाही."

"मले मालूम झालं. बाबू हासला माह्यावर. म्हणे, एसटी हाय काय हे?"

"मग लोकांना का नाही सांगितलं?"

त्यांनी मुलाच्या कुबड्यांकडे पाहिलं. "तांड्याची पोरं तुमच्यापाशी शिकतात. त्यायच्यासमोर तुमाले कायले खोटं पाडू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली. निघताना नायकांच्या मुलानं माझी पेटी गाडीत चढवायला हात लावला, एका कुबडीवर तोल सांभाळत. त्याला खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. पुढं कधी पत्रही लिहिलं नाही.