महाराजांचा उजवा हात

सिरसाळ्याला एसटीतून उतरलो तेव्हा स्टँडवर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर लढाईच्याच बातम्या चालू होत्या. मला जायचं होतं तिथून पुढच्या एका खेड्यात. वादळात तिथल्या चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याचा तलवारीचा हात मोडला होता. गावचे तीन जवान सुटी अर्धी टाकून सीमेवर गेले, आणि गावानं ठरवलं, हात आत्ताच बसवायचा अन् फोटो पोरांना धाडायचा. असली गोष्ट लिहायला मिळतेय म्हणून मी भलताच खूश होतो.

पाहतो तर पुतळा डोक्यापासून कमरेपर्यंत गोणपाटात गुंडाळलेला. शिडीवरून रशीदमिस्त्री त्यावर पाणी शिंपडत होते. पुतळा त्यांच्या वडिलांच्या हातचा.

“हे गोणपाट कशाला?” मी विचारलं.

“कालच बसवलाय हात. शिमिट वलं ठिवावं लागतंय, लई कवळं हाय. अन् साहेब, झाकलेल्या महाराजांचा फोटो काढत न्हाईत आमी. बाया ओवाळतील, मग काढा.”

“छे छे, नाही काढत!” मी म्हणालो. ते हापशावर (हातपंपावर) गेले आणि मी पटकन काढलाच. वर्गमित्रांच्या ग्रुपवर गावाच्या नावासकट टाकला. खाली लिहिलं, ‘हात मोडका, तोंड झाकलेलं. ओळखा पाहू कोण?’ वर स्वतःच हसलो. लाज नाही मला!

सरपंच शांताबाईंकडे धपाटे (तिखटमीठ घालून थापलेली भाकरी) आणि दही खाल्लं. त्यांचा धाकटा त्या तिघांतलाच. रोज फोनवर विचारायचा, “हात बसला का?” ठेचा असा झोंबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शांताबाई पदराआड हसत होत्या, तोच बाहेर चौकात मोटारसायकली थांबल्या.

परगावची दहा-बारा पोरं. मोबाइलमध्ये मी काढलेलाच फोटो, ओळ मात्र कुणीतरी बदललेली: ‘लढाईच्या दिवसांत महाराजांचा हात तोडला, तोंड झाकलं.’ त्यांनी मिस्त्रींना नाव विचारलं आणि ते ऐकून तर भडकलीच.

शांताबाई आडव्या आल्या. “आमचा मिस्त्री हाय त्यो! हात लावून दाखवा!”

मिस्त्रींना कुणी शिवलं नाही. पण एकानं शिडीवर चढून गोणपाट ओढलं. हात मनगटातून निखळला आणि चौथऱ्यावर फुटला.

पोरं गाड्यांकडे वळली आणि आली तशी निघून गेली. मिस्त्री खाली बसून तुकडे फडक्यात गोळा करू लागले.

“फोटो कुणी काढला असंल हो?” त्यांनी मलाच विचारलं. “तुमी तर हितंच व्हता.”

“नाही बुवा, माझं लक्ष नव्हतं.”

तेवढ्यात शांताबाईंचा फोन वाजला. “बसतोय बाबा,” त्या म्हणाल्या, “आजून आठ दिस लागत्याल.” माझी मान वर होईना.

घरी परतल्यावर दहा-बारा दिवसांनी मिस्त्रींकडून फोटो आला. नवा हात, नवी तलवार, समोर आरतीची ताटं घेतलेल्या बाया. खाली लिहिलं होतं, ‘साहेब, तुमी झाकलेल्या महाराजांचा फोटो काढला न्हाई, म्हून पोरांच्या बरूबर तुमाला बी पयला धाडलाय.’

उत्तर अजून दिलेलं नाही. हे छापून आलं की पहिला अंक त्यांनाच धाडणार आहे.