आप्पांनी खाल्लेलं खवट पीठ

दौंडच्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं पेशंटांना काय खायचं ते लिहून दिलं. मीठ कमी, तेल बंद, भाजी उकडून. त्यातलं एकही ताट मी स्वतः कधी जेवले नाही. पेशंट तोंड वाकडं करायचे आणि मी मनात म्हणायचे, जिभेचे चोचले, दुसरं काय. पुढं पीएच.डी.ला लागले. विषय घेतला म्हाताऱ्यांची चव आणि पोषण. आता आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

प्रयोगासाठी एक पौष्टिक पीठ केलं. नाचणी, सोयाबीन, भाजलेले शेंगदाणे. दुधात कालवून दोन्ही वेळेला वाटीभर, आधी हे, मग भाकरी. गाइड म्हणाले, सगळ्यांना एकसारखं पीठ गेलं पाहिजे. म्हणून तीन महिन्यांचं एकदमच करून, पिशव्या बंद करून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. चैत्र सुरू, त्यात दौंडचं ऊन. दाण्याचं कूट उन्हाळ्यात फार दिवसांचं करून ठेवू नये, हे कुठल्याही घरातल्या बाईला कळतं. मला कळलं नाही, मी शिकलेली ना.

पीठ वाटलं ते माझ्या माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्यांना, मांडवगण फराट्याला. तिथं माझे थोरले चुलते, आप्पा. काकू गेल्यापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं, सदरे अंगावर लोंबायला लागले होते. प्रयोग वगैरे ठीक, पण आप्पांच्या अंगाला चार घास लागावेत एवढंच मला खरं हवं होतं.

दर पंधरवड्याला जायचे, नव्या पिशव्या द्यायचे, वजन करायचे, फॉर्म भरायचे. चव कशी आहे? 'लई झ्याक.' दारोदार तेच. पहिल्या खेपेला ते खरंही असेल. पण आमच्याकडं माहेरवाशिणीनं हातानं करून आणलेल्या अन्नाला कुणी नावं ठेवत नाही. हे लहानपणापासून बघत आलेली मी, तरी ती उत्तरं खुशाल लिहून घेत होते. आप्पांचं वजन मात्र घटतच होतं.

दुसऱ्या महिन्यात एकदा न कळवता गेले. शेजारच्या गोठ्यात माझ्या पिशव्या घमेल्यात रिकाम्या केलेल्या आणि म्हैस मिटक्या मारत होती. शेजारीण ओशाळली. म्हणाली, "तिला लई आवडतंय, ताई."

आप्पा ओसरीवर वाटी घेऊन बसले होते. घास तोंडात धरायचा, डोळे मिटायचे आणि पाण्यासंगं खाली ढकलायचा. त्यांची सून, माझी वहिनी, मला आत घेऊन म्हणाली, "महिना झाला, ह्येच चाललंय. हे खाल्लं की दिसभर मळमळतंय त्यास्नी. मग भाकरी कुठनं जायाची?"

मी बाहेर येऊन त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि बोटानं चाटून बघितलं. खवट. नुसतं खवट नाही, कडू, तेलकट, टाळूला चिकटून बसणारं. अंगणात जाऊन थुंकले. चार वेळा चूळ भरली तरी वास नाकातून जाईना. शी. पिठाची किळस आली त्याहून जास्त माझी आली. चवीवर संशोधन करणारी बाई, आणि केलं त्या दिवसानंतर आपल्याच पिठाला तोंड लावलं नव्हतं. गाव शहाणं, म्हशीला घालून मोकळं झालं. माझ्या चुलत्यानं तेवढं खाल्लं.

"आप्पा, आधी का नाही सांगितलंत?"

"तुजी परीक्षा हाय म्हनं. म्या नापास करू व्हय तुला?"

उरलेल्या पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. वहिनीला बाजूला सारून चुलीपुढं बसले आणि पिठलं केलं. दवाखान्यात असते तर हेही बंद लिहिलं असतं. ताट आप्पांपुढं ठेवून म्हणाले, "तोंडदेखलं बोललात तर माझी शपथ आहे तुम्हाला."

आप्पांनी घास सावकाश चावला. सुनेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मीठ कमी हाय. गुठळ्या ऱ्हायल्यात. आन् बुडाला लागलंय."

एवढं बोलून त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि माझ्याकडं सरकवलं.

"वाढ आजून."