क्रोटनला दिलेला ताण

अमरावतीला एका साहेबाच्या बंगल्याला लागून आमचा वांग्यांचा मळा होता. पाणी बंगल्याच्या विहिरीचं. सासरे मडमेची बाग बघत, म्हणून तिने आम्हाला मोट चालवू दिली होती. सगळं तोंडी, तिच्या मर्जीवर.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती साहेबाबरोबर चिखलदऱ्याला गेली आणि क्रोटनच्या कुंड्या आमच्या सावलीत ठेवून गेली. या झुडपाला बारा महिने पानं असतात, लाल, पिवळी, ठिपक्यांची. मडमेचा त्यांच्यावर फार जीव. त्या नीट राहिल्या तर विहीर राहणार, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सासरे मोर्शीकडचे, लहानपणापासून संत्र्यात वाढलेले. तिकडे मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, मुळ्या उघड्या करायच्या. पानं गळतात, आणि पुन्हा पाणी दिलं की झाड फुलांनी लदबदतं. क्रोटनलाही असा ताण दिला तर रंग खुलेल, मडम खूश होईल, असं त्यांनी ठरवलं. कुंड्या उन्हात काढल्या, वरची माती उकरली, पाणी बंद केलं.

चार दिवसांत पानं गळू लागली. सासऱ्यांना समाधान वाटलं. मी फांदी चिमटीत धरून पाहिली तर साल सुरकुतलेली. मी तसं सांगितलं.

"पानं गळून राह्यले म्हणजे ताण बसला," ते म्हणाले. "तू कापूसवाल्यायची पोर. तुमच्या अकोल्यात संत्र्याचं काय समजते?"

"मामाजी, हे संत्र नाही. याले कोणता बहार येणार हाय?"

सासूबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. मी भांडी घासायला गेले.

पुढे एक दिवस त्यांनी स्वतःच फांदी वाकवली. ती काडीसारखी मोडली. मग धावपळ झाली. कुंड्या सावलीत आणल्या, मेलेलं छाटलं, मुळ्यांवर माती ओढली. दोन-तीन झाडांना बुडाशी कोंब दिसले. आणखी वेळ मिळता तर काही वाचली असती. पण साहेबाला काम निघालं आणि मडम मृगाच्या कितीतरी आधी, भर उन्हात परतली.

सासऱ्यांनी काही लपवलं नाही. बहार, मुळ्या, ताण, सगळं समजावून सांगितलं. बंगल्यातला खानसामा ते तिला हिंदीत सांगत होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मानही हलवली. आम्हाला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेचं चामडं आणि नाडा आमच्या दारात आणून टाकलेला होता.

वांगी ऐन फुलावर होती. आम्ही सासू-सुना लांबच्या हौदावरून घागरी आणत राहिलो, पण तेवढ्याने जमीन ओलीसुद्धा दिसेना. आठवड्यात ओळीच्या ओळी माना टाकून बसल्या. सासऱ्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. सगळी झाडं एकट्याने उपटून बांधावर टाकली. मग मोटेची बैलजोडी सोडली आणि मोर्शीला भावाकडे पोहोचवायला निघाले. जेवून जा म्हटलं, तर थांबले नाहीत.