इतिवृत्तात नसलेला प्रश्न

मिस्त्रीकाका कागद वाचायला उभे राहिले की पंपघराच्या गेटवर कुणी विडीसुद्धा पेटवत नसे. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यात ते हेडमिस्त्री होते आणि कामगारांच्या पेन्शन निधीच्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी. मंडळाची बैठक झाली की तिचं इतिवृत्त, म्हणजे काय ठरलं त्याचा कागद, पाळी बदलताना हजेरीच्या टेबलापाशी मोठ्याने वाचायचा, ही खात्याची जुनी रीत. निम्म्या लोकांना अक्षरओळख नव्हती तेव्हापासूनची. वाचणाऱ्याने कागदात नसलेला एक शब्दही घालायचा नाही, हा त्यातला कडक नियम. काका तो इतका पाळायचे की टायपिंगची चूक असली तर तीही वाचायचे, आणि चेहरा असा करायचे की चूक त्यांचीच.

तो कागद लिहायचो मी. निधीचा सचिव. माझे वडील त्याच पंपघरात व्हॉल्वमन होते; मी कॉलेजात असताना गेले. आईला मिळणारी अर्धी पेन्शन याच निधीतून यायची, आणि तिच्या अर्जासाठी या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घातले ते मिस्त्रीकाकांनी. तिला ते वहिनी म्हणत. पुढे मला सचिवाची जागा मिळाली तेव्हा त्यांनी सगळ्या पाळीला चहा पाजला आणि "आता आपला माणूस आत आहे," असं दिवसभर सांगत फिरले. हे वाक्य आठवलं की अजूनही मला कुठे तोंड लपवू असं होतं.

काका बुटके, रुंद, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. पंपाची तब्येत बघायची त्यांची पद्धत ठरलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "हा अजून दोन महिने ओढेल." तो पंप दोन महिने ओढायचा. बैठकीला येताना मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. आम्ही पाठवलेला गठ्ठा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला असायचा आणि समासात पेन्सिलीने खुणा असायच्या. मंडळात असं करणारे ते एकटेच. म्हणून आम्ही अधिकारी मंडळी त्यांना पाठीमागे 'प्रश्नपत्रिका' म्हणायचो. हे नाव मीच पाडलं होतं.

त्या काळात आपलं चलन डॉलरला बांधलेलं होतं. एका डॉलरला बारा. सात वर्षं बाराच. मध्यवर्ती बँक तो दर धरून बसली होती, त्यात आपल्याकडे व्याज जास्त, त्यामुळे बाहेरचे फंडवाले इथे पैसे ओतत होते. अशाच एका गुंतवणूक कंपनीची सल्लागार बाई आमच्याकडे आली. बोलणं मृदू, तक्ते रंगीत. प्रस्ताव सरळ होता. डॉलरमध्ये चार टक्क्यांनी कर्ज काढायचं, ते पैसे इथल्या अकरा टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत घालायचे, मधले सात टक्के निधीचे. कर्ज किती, तर निधीत जेवढं होतं त्याच्या निम्म्याएवढं. दर कोसळला तर नुकसान भरून देणारं संरक्षणही तिने सुचवलं होतं, पण त्यात वर्षाला तीन टक्के जाणार होते.

"सात म्हटलं की ऐकायला बरं वाटतं," अध्यक्ष म्हणाले. "चार कोण ऐकतो?"

संरक्षणाची ती ओळ प्रस्तावातून मी काढली. कुणी माझा हात धरून काढायला लावली नव्हती. अध्यक्षांच्या मर्जीत राहायचं होतं, एवढंच.

बैठकीत सगळ्यांचं बोलून झाल्यावर काकांनी चष्मा सारखा केला.

"अध्यक्षसाहेब, एक विचारू का? पंप चालू असतो तोवर पाणी वर चढतं. वीज गेली की चढलेलं सगळं पाणी उलटं येतं आणि पंपाचे तुकडे करतं. म्हणून आम्ही मध्ये एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व बसवतो. इथे कर्ज डॉलरात आहे आणि मिळकत आपल्या पैशात. उद्या बँकेने त्या बारावरचा हात काढला, तर यात तो व्हॉल्व कुठंय?"

सल्लागार बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. अख्ख्या खोलीत नेमका प्रश्न विचारणारा एकच माणूस निघाला, आणि त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं मी.

"काका, देशाचं चलन म्हणजे पंपघरातला पाइप नव्हे. पाणी तुम्ही बघा, पैसे आम्ही बघतो."

सगळे हसले. काकाही थोडे हसले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांना पटलं, असं मी स्वतःला सांगितलं. चारचौघांत घसरून पडलेला माणूसही आधी हसतोच, हे काय मला माहीत नव्हतं? पण माहीत असून न कळण्याची कला मी तोवर चांगली घोटवली होती. विरोध करायचा तर तो कारणांसह लेखी द्यावा लागे. गप्प राहिलं की संमती धरत. काका गप्प राहिले. मी लिहिलं, 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.'

कागद हातात पडल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"माझा प्रश्न यात नाही रे."

"काका, प्रश्न लिहीत नसतात. निर्णय लिहितात."

"बरं," म्हणाले. आपला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही. संध्याकाळी गेटवर उभं राहून त्यांनी तो कागद वाचला. 'एकमताने' या शब्दापाशी क्षणभर थांबले, असं नंतर हजेरी कारकुनाने मला सांगितलं. नियम म्हणजे नियम. पुढे एक अक्षर जोडलं नाही.

दोन वर्षं बरी गेली. पेन्शन थोडी वाढलीही, आणि लोक काकांना शाबासकी द्यायला लागले. ते ती घेत नसत. मान हलवून निघून जात. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या फंडवाल्यांनी हात आखडता घेतला आणि पैसे परत न्यायला सुरुवात केली. मध्यवर्ती बँकेने गंगाजळीतले डॉलर विकून विकून बारा टिकवले. बँकेचे प्रमुख तीनदा टीव्हीवर येऊन म्हणाले, दर हलणार नाही. एका गुरुवारी सकाळी त्यांनी तो सोडला. दुपारपर्यंत डॉलर सतरावर, महिन्याभरात एकवीसवर. कर्ज देणाऱ्यांनी पैसे मागितले, आम्ही पडेल त्या भावाने रोखे विकून ते दिले, आणि ज्याला शंभर पेन्शन होती त्याच्या हातात साठ यायला लागले.

काका त्याच वर्षी निवृत्त झाले होते, म्हणजे त्यांचेही साठच. पण लोकांनी धरलं त्यांनाच. अध्यक्ष कुणी पाहिलेले नव्हते, सल्लागार बाई देश सोडून गेली होती. कामगारांना आठवत होता तो 'एकमताने' म्हणणारा काकांचा आवाज. ज्यांच्याबरोबर तीस वर्षं डबा खाल्ला, ते रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले.

चौकशी बसली. एक निवृत्त न्यायाधीश, एक लांब टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. काका उभे राहून म्हणाले, "मी विचारलं होतं. सचिवसाहेब समोरच होते, त्यांना विचारा."

पहिल्यांदाच ते मला साहेब म्हणाले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला तसं आठवत नाही," मी म्हणालो. "इतिवृत्तात नोंद नाही."

बैठकीत टिपणं घ्यायची माझी कच्ची वही त्या वेळी पायाशी ठेवलेल्या बॅगेत होती. तिच्यात काकांचा प्रश्न शब्दन् शब्द होता. खोटं इतिवृत्त लिहिलं म्हणजे बडतर्फी, आणि पेन्शनवर पाणी. आम्हा अधिकाऱ्यांची पेन्शन त्या निधीतून नव्हतीच. ती सरकारी तिजोरीतून येणार होती, पूर्णच्या पूर्ण. ती वाचवायला मी काकांना भर सभेत खोटं पाडलं. वर्तमानपत्रात आलं, 'कामगार प्रतिनिधीचा दावा निराधार.'

पुढे एकदा ते आमच्या घरी आले. पेन्शन कापली गेलेल्या विधवांना मदत मिळणार होती, तिचा फॉर्म घेऊन. आईने दाराची साखळीही काढली नाही.

"आधी मान डोलावलीत आणि वर खोटंही बोललात," ती फटीतून म्हणाली. "त्यांचे मित्र म्हणवता?"

काकांनी दाराखालून फॉर्म आत सरकवला आणि गेले. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. आईने तो फॉर्म भरला, मदतही मिळाली. नऊ वर्षं तिने त्यांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मग एक दिवस आई बँकेतून रागारागाने आली. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवायला जावं लागतं, त्या रांगेत तिला काका भेटले होते.

"माझे पाय दुखत होते तर उठून खुर्ची देत होता," ती म्हणाली. "मी बसले नाही. तासभर उभी राहिले, पण त्याच्या खुर्चीत बसले नाही."

तिच्या पायांना सूज आली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. वही, व्हॉल्व, चौकशी, सगळं. ती बराच वेळ पाय चोळत बसली.

"चप्पल घाल," म्हणाली.

काका एका इमारतीच्या पंपावर नोकरी करत होते. सत्तरीला टेकलेल्या वयात. तळघरात पंपाशेजारी एक खाट आणि एक खुर्ची. आईला पाहून ते उठून उभे राहिले.

"भावजी, माझं चुकलं," आई म्हणाली. "मी तुम्हाला दारातून परत पाठवलं."

"बसा वहिनी," त्यांनी खुर्ची पुढे केली. या वेळी ती बसली.

माझं वय छप्पन्न. माझ्या वतीने माझी म्हातारी आई माफी मागत होती आणि मी भिंतीकडे बघत उभा होतो. शेवटी मीही पुटपुटलो, माफ करा.

"माफीचं मी काय करू?" काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी जिथे उभा राहून वाचलं, तिथे उभा राहून तू वाच. मी विचारलं होतं एवढं लोकांना कळू दे. बास."

"वाचतो, काका," मी म्हणालो. आणि मग जे म्हणालो ते लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो. "माझी दोन वर्षं राहिलीत. आत्ता वाचलं तर माझी पेन्शन रोखतील. तेवढं थांबाल?"

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तिच्या हातचा मार मी पुष्कळ खाल्ला आहे, तो परवडला.

"थांबतो," काका म्हणाले. "पोटाचा प्रश्न आहे तुझ्या."

चौदा महिने थांबले ते. मग त्याच तळघरात, सकाळी पंप चालू करून खाटेवर टेकले आणि गेले. पोचवायला आम्ही सहा जण होतो.

माझी पेन्शन त्यानंतर दहा महिन्यांनी मंजूर झाली, पूर्ण. दुसऱ्या दिवशी कच्ची वही घेऊन मी गेटवर गेलो. पंपघर आता ठेकेदाराकडे आहे. पाळी बदलत होती, सात-आठ जण होते. मी काकांचा प्रश्न वाचला, माझं उत्तर वाचलं, चौकशीत काय बोललो तेही वाचलं. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांतला एक जण अदबीने म्हणाला, "साहेब, आम्ही कंत्राटावरचे. आम्हाला पेन्शनच नाही. हे तुम्ही आम्हाला कशाला सांगताय?"