खिडकीतला विस्तव

पहाटे धानाच्या बांध्यांवरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या तणसाचा आणि गार मातीचा वास असतो. लाखनीतल्या आमच्या घरात तो कुणाला वाट विचारत नाही; खिडकीच्या जुन्या झडपांच्या फटींतून सरळ आईच्या पलंगापाशी येतो आणि तिच्या सुजलेल्या सांध्यांवर बसतो. पलीकडच्या खोलीतून मी तिची पहाट ऐकत असे : कूस बदलताना सुटलेले एक दबके कण्हणे, आणि मग लांबलचक शांतता. काही दिवसांत मला नोकरीसाठी पुण्याला जायचे होते. जाण्यापूर्वी निदान ही थंडी अडवून जावी, या एकाच विचाराने मला कुठे स्वस्थ बसवेना.

म्हणून खिडकीला लावायची पारदर्शक फिल्म मागवली. चौकटीला आतून चिकटपट्टी लावून ती ताणली, वरून हेअर ड्रायरची गरम हवा फिरवली. पाण्यावरचे तरंग शमावेत तशा तिच्या सुरकुत्या विरत गेल्या. उजेड आत आला, वारा बाहेर राहिला. त्या रात्री आई कण्हली नाही.

सकाळी सवयीने बाहेरून झडप उघडली गेली. शेजारच्या शांताकाकू हिवाळाभर आपल्या चुलीतला विस्तव लोखंडी पळ्यातून आणतात आणि गजांमधून आईच्या शेगडीत ओततात. मग गजांना गाल टेकून दोघींची कुजबुज चालते. हे मी रोज पाहत होते. पण त्याला मी केवळ ऊब समजले होते, आणि उबेची सोय तर मी केलीच होती.

पळा फिल्मपाशी थबकला. निखारे आतून धूसर, लालसर दिसले.

"काहून वं पोरी, मायले बरणीत मुरवाले ठेवलं काय?"

आई हसली. "तिथूनच बोल ना, जरा मोठ्यानं."

"हे काय वरडून इचाराची गोष्ट आहे?"

शेगडी पुढे सरकवायला उचललेला आईचा हात तसाच राहिला. मी बाहेर गेले. इंग्रजी शाळेत वाढलेली, या गल्लीतून मान खाली घालून जाणारी मी काकूंशी दोन वाक्यांपलीकडे कधी बोलले नव्हते. त्यांनी पळा माझ्या हाती दिला आणि धुराचा वास असलेले तोंड माझ्या कानाशी आणले.

"रात्री दुखलं काय, इचार तिले. तुह्यापाशी तं ते खरं सांगत नाही. तुही नोकरी अडन म्हणते."

बंद खोलीत विस्तव नको, म्हणून पळा ओट्यावर ठेवला. निखाऱ्यांवर राखेची साय धरू लागली होती. कालची शांतता उबेची होती की दातांखाली धरलेली, हे आता मला कळेना.

आत जाऊन पलंगावर टेकले, आणि काकूंसारखेच तोंड तिच्या कानाशी नेले.

"रात्री दुखलं काय?"

आईने आधी खिडकीकडे पाहिले. काकू अजून तिथेच होत्या. मग तिने माझा हात घेतला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.