बोटभर जागा

इंदिरानगरच्या सायबर कॅफेत साडेचार वाजले होते. पाचपर्यंत नमुन्याचं पान ईमेलनं गेलं, तरच मला नोकरीच्या मुलाखतीला बोलावणार होते. साध्या मजकुरातच खुणा टाकायच्या होत्या; संगणक त्यांवरून पान सजवून दाखवी. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या (**) दिल्या की तो ठळक होई. तेवढं जमलं होतं; पण माझा प्रत्येक परिच्छेद करड्या चौकटीत अडकत होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाई एका बोटानं टाइप करत होत्या. कानामागचं पेन काढून त्यांनी माझ्या पडद्यावर टेकवलं.

"कुठल्या शाळेचा रे तू?"

"कळवणकडचा."

"बोटभर जागा सोडून परिच्छेद सुरू करायला शिकवलंय ना? गुरुजींना मनात नमस्कार कर आणि ती जागा पुसून टाक; ओळीआधी चार मोकळ्या जागा दिसल्या की संगणक तिला प्रोग्रामचा कोड समजून चौकटीत टाकतो. दोन परिच्छेदांच्या मध्ये एक ओळ रिकामी सोड, बस."

मी पुसत गेलो. चौकटी एकेक करून नाहीशा झाल्या.

"मॅडम, तुमचे उपकार..."

"घड्याळ बघ. आधी पाठव!"

पाचला दोन मिनिटं असताना पान गेलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. आता त्याच ऑफिसात नवा मुलगा चौकटीत अडकला, की मी आधी त्याची शाळा विचारतो.