कबुतरांचा निकाल फार लवकर लागला

आर्नोल्ड थ्रेलफॉलची कबुतरं थेट त्याच्यावर गेली होती: घरी यायची, पण वाटेत सगळ्यांची चौकशी करून. इंग्लंडमधल्या बर्नलीच्या कबुतर-मंडळाच्या शर्यतीत त्याचा पक्षी पहिल्या दहांत कधीच आला नव्हता. तेव्हा जिंकणं नशिबात नाही तर निदान निकाल तरी आपण लावू, असं ठरवून त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं टीव्हीला जोडायचा एक चिमुकला कॉम्प्युटर घेतला आणि बेसिक ही त्याची भाषा शिकून घेतली.

पक्षी सोडायच्या जागेपासून प्रत्येकाचं खुराडं वेगळ्या अंतरावर, त्यामुळे आधी पोचलेला पक्षी जिंकतोच असं नाही. अंतराला वेळेनं भागावं लागतं. हे काम मंडळाच्या क्लबात बसून पर्सी होलरॉइड पेन्सिलीनं करायचा, बिअर पीत, तासभर. आर्नोल्डला ते काम हवं होतं. पहिल्या शनिवारी त्याचं यंत्र पर्सीच्याही मागून आलं.

"यालाही वाटेत कोणी भेटलं वाटतं," पर्सी म्हणाला.

हे आर्नोल्डच्या जिव्हारी लागलं. त्यानं प्रोग्रॅमची चरबी उतरवायला घेतली. स्वतःसाठी लिहिलेले शेरे काढले. लांबलचक नावं एकेका अक्षरावर आणली. यंत्र दर वेळी पहिल्या ओळीपासून शोधत येतं, म्हणून सारखी लागणारी आकडेमोड सगळ्यात वर नेली. दर पक्ष्यामागे पडद्यावरून एक ठिपक्यांचं कबुतर फडफडत जायचं. ते मात्र डोळे पुसत पुसलं. शेवटी हिशेब चालू असताना पडदाच बंद ठेवला, कारण चित्र सांभाळण्यातच यंत्राचा बराचसा वेळ जात होता.

"चित्र दिसणार नाही, मग माझा टीव्ही कशाला नेतोस?" बायको विनीनं विचारलं.

"शेवटी उत्तर दिसायला."

"दिसलं की घेऊन ये. माझी मालिका आहे."

महिन्याभरानं एका शनिवारी क्लबात पडदा करडा झाला. "गेलं बिचारं," कोणीतरी म्हणालं. एकानं तर टोपी काढली. पर्सी पहिला भागाकार मांडतोय तोवर निकाल पडद्यावर हजर.

टाळी एकही पडली नाही. एक जण जिंकला आणि बाकी सगळे, पहिला ग्लास अर्धाही झाला नसताना, हरून बसले. वारा, वाट, ससाणा, कशावरही वाद घालायला काही उरलं नाही. माणसं कोट चढवून घरी गेली. विनीला मात्र टीव्ही मालिकेच्या वेळेत परत मिळणार होता.

"काम तुझं," पर्सी म्हणाला. "पण याला जरा हळू कर बाबा."

"हळू? महिनाभर रक्त आटवलंय मी."

"अरे वेड्या, मला काय भागाकाराला तास लागतो? पाव तासाचं काम आहे ते. उरलेला वेळ मी नुसता पेन्सिल चावतो. तेवढ्यात सगळे जिंकून घेतात."

पुढच्या शनिवारी आर्नोल्डच्या यंत्रानं चुटकीसरशी निकाल काढला, आणि मग तो पोटात ठेवून तासभर नुसतंच एक, दोन, तीन मोजत राहिलं. करड्या पडद्यासमोर प्रत्येक जण आपलाच पक्षी पहिला असल्याचं पटवून देत होता. त्यात सगळ्यात मोठा आवाज आर्नोल्डचा होता.